हँडसेट, सिम, टॉवर: मोबाईल फोनची कामे आणि त्यामागची यंत्रणा

मोबाईल फोन हा मुळात रेडिओ आहे. आकाशवाणी ऐकवणारा रेडिओ फक्त ऐकतो. मोबाईल ऐकतो आणि बोलतोही, तेही एकाच वेळी. त्याच्या पोटात एक छोटा ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर असतो आणि त्यांच्यामार्फत तो जवळच्या टॉवरशी बांधलेला असतो. कॅमेरा, नकाशा, गाणी, गजर, पैशांची देवघेव ही सारी कामे या रेडिओवर नंतर एकेक करून चढत गेली. त्यातली काही कामे हँडसेट स्वतःच्या बळावर करतो, काही सिममुळे होतात, काही टॉवरच्या पलीकडची कंपनीची यंत्रणा करते आणि काहींना इंटरनेट लागते. रोजच्या बोलण्यात या चौघांनाही ‘मोबाईल’ हे एकच नाव आहे. ‘मोबाईल चालत नाही’ म्हणून माणूस दुकानात जातो तेव्हा चौघांपैकी नक्की कोण अडले आहे, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगता आले की निम्मी अडचण दुकानात न जाताच सुटते.

मराठीत या यंत्रासाठी ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द घडवला गेला. तो सरकारी कागदांवर, लेटरहेडवर आणि लग्नपत्रिकांच्या तळाशी टिकून आहे. बोलण्यात मात्र ‘मोबाईल’च राहिला आणि त्याच्या सोबत्यांनाही मराठीने आपापली लिंगे देऊन घरात घेतले: तो मोबाईल, ती रेंज, ते सिम, ती बॅटरी, ते नेटवर्क.

टॉवर आणि रेंज

रेडिओलहरींची एक अडचण आहे. वापरायला मिळणाऱ्या लहरींचे पट्टे मोजके, आणि एका ठिकाणी एका पट्ट्यावर मोजकीच संभाषणे चालू शकतात. सगळ्या शहरासाठी एकच उंच मनोरा उभारला तर काही शे माणसे बोलू लागताच तो भरून जाईल. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९४७ साली यावर तोड सुचवली गेली ती अशी: शहराचे मधाच्या पोळ्यासारखे लहान लहान षटकोनी भाग पाडायचे, प्रत्येक भागाला कमी ताकदीचा स्वतंत्र टॉवर द्यायचा आणि शेजारी नसलेल्या भागांत तेच पट्टे पुन्हा पुन्हा वापरायचे. या भागाला ‘सेल’ म्हणतात आणि ‘सेलफोन’ हे नाव त्यावरूनच आले. कल्पना कागदावर असताना तिला पेलणारी इलेक्ट्रॉनिक्स नव्हती. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला, तो बेल लॅब्जमधील आपले प्रतिस्पर्धी जोएल एंजेल यांना. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८३ साली, मोटोरोलाचा डायनाटॅक ८०००एक्स विक्रीसाठी मंजूर झाला. वजन पाऊण किलोहून जास्त, किंमत ३,९९५ डॉलर, चार्जिंगला दहा तास आणि बोलायला जेमतेम अर्धा तास.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल मोबाईल आणि मॅक्सटच या दोन सेवा सुरू झाल्या. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेला कॉल घेतला तरी पैसे पडत.

हँडसेट सुरू केला की तो आधी आसपासचे टॉवर चाचपतो, सर्वांत स्पष्ट ऐकू येणारा निवडतो आणि त्याच्यामार्फत कंपनीला ‘मी इथे आहे’ असे कळवतो. त्यानंतर बोलणे चालू नसले तरी तो अधूनमधून आपला ठावठिकाणा देत राहतो. म्हणूनच नागपूरहून कोणी नंबर फिरवला की सावंतवाडीतला फोन वाजतो. देशभर शोधाशोध करावी लागत नाही, कारण हा नंबर शेवटी कोणत्या भागात होता याची नोंद कंपनीकडे असते. प्रवासात एका टॉवरची लहर क्षीण होऊन दुसऱ्याची सबळ झाली की चालू संभाषण पहिल्याकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाडीत असे हस्तांतर कितीतरी वेळा होते आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. कर्जत सोडून गाडी बोरघाटाच्या बोगद्यांत शिरली की मात्र सोपवायला पलीकडे टॉवरच उरत नाही आणि बोलणे तुटते.

फोन न लागल्यास ऐकू येणाऱ्या दोन सूचनांतला फरकही इथेच कळतो. फोन रीतसर बंद केला तर बंद होण्याआधी तो टॉवरला निरोप पाठवतो. मग फोन करणाऱ्याला ‘बंद आहे’ असे ऐकू येते. फोन पाण्यात पडला किंवा दरीत उतरताना रेंज गेली, तर निरोप पाठवायला सवड मिळत नाही. नेटवर्क त्याला हाक मारत राहते, उत्तर येत नाही आणि ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ही सूचना लागते. घरचा माणूस वेळेवर परतला नाही तर या दोन वाक्यांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

टॉवर जवळ असेल तर हँडसेट हळू बोलतो, दूर असेल तर ओरडतो. ओरडायला वीज लागते. रेंजची एकच काडी दिसणाऱ्या गावात बॅटरी भराभर उतरते ती यामुळे. फोन जुना झाला असेलच असे नाही. ट्रेकला जाताना फोन फ्लाइट मोडवर टाकण्याची गिर्यारोहकांची सवय याच कारणाने रास्त आहे. आणि टॉवरला स्वतःला वीज लागते, हे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगडने अनुभवले. विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले आणि खिशात चांगला चार्ज केलेला फोन असूनही गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला.

सिम: नखाएवढी ओळख

सिम कार्ड हातात घेऊन पाहावे. आजचे नॅनो सिम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असते, करंगळीच्या नखाएवढे. एक कोपरा कापलेला, म्हणजे ते उलटे बसू नये. वर सोनेरी पत्र्याचे तुकडे दिसतात, ते फक्त जोडणीचे बिंदू. खरी चिप त्यांच्या खाली असते आणि ती एक छोटा संगणकच आहे. तिच्यात ग्राहकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, ज्याची सुरुवात भारतात ४०४ किंवा ४०५ ने होते, आणि एक गुप्त किल्ली असते. तीच किल्ली कंपनीकडेही असते. फोन जोडला जाताना कंपनी एक यदृच्छ आकडा पाठवते, सिम आपल्या किल्लीने त्यावर गणित करून उत्तर देते आणि उत्तर जुळले तरच दार उघडते. किल्ली स्वतः कधीही हवेतून जात नाही. पहिली सिम १९९१ साली बनली तेव्हा ती क्रेडिट कार्डाएवढी होती. पुढे भोवतालचे प्लॅस्टिक कमी होत गेले. ई-सिममध्ये वेगळे कार्डच नाही, तीच माहिती हँडसेटमध्ये कायम बसवलेल्या चिपवर उतरवली जाते.

दहा आकडी मोबाईल नंबर सिममध्ये कोरलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तो नंबर कंपनीच्या नोंदवहीत त्या सिमशी जोडलेला असतो. म्हणून सिम हरवले तरी तोच नंबर नव्या सिमवर मिळतो, आणि जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेल्या पोर्टेबिलिटीमुळे कंपनी बदलली तरी नंबर कायम राहतो. हँडसेटची ओळख वेगळी. प्रत्येक हँडसेटला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो आणि दोन सिमच्या फोनला असे दोन. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. तो कागदावर लिहून बिलाबरोबर ठेवावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

सिमला स्वतःचे कुलूप असते, त्याला सिम पिन म्हणतात. हे सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेले आणि सगळ्यांत मोलाचे कुलूप आहे. फोनच्या पडद्याला कुलूप घालणारे लाखो लोक सिम उघडेच ठेवतात. चोर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. पिन लावलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की आधी तो पिन मागते. तीन वेळा चुकला की सिम अडकते आणि कंपनीकडून मिळणारा पीयूके क्रमांक लागतो. तोही दहा वेळा चुकला की ते सिम कायमचे निकामी होते.

बोलणे

तोंडासमोरचा मायक्रोफोन आवाजाचे विजेत रूपांतर करतो. मग फोन त्या विजेची मोजणी करतो, जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० वेळा. हे सगळे आकडे जसेच्या तसे पाठवणे परवडत नाही. म्हणून घसा आणि तोंड यांतून आवाज कसा घडतो याचे गणित वापरून दर २० मिलिसेकंदांच्या तुकड्याचे सार काढले जाते, आणि पलीकडचा फोन त्या सारावरून आवाज पुन्हा उभा करतो. घरच्या लँडलाईनच्या डिजिटल यंत्रणेत एका संभाषणाला सेकंदाला ६४ हजार बिट लागत. जीएसएम या मोबाईलच्या डिजिटल पद्धतीने तेच काम १३ हजारांत केले. या काटकसरीत ३,४०० हर्ट्झच्या वरचे सूर गाळले जात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांची ओळख नेमकी त्या वरच्या सुरांत असते. फोनवर आडनाव सांगताना ‘समईतला स’ असे सांगावे लागे त्याचे कारण हे. फोरजीवरच्या व्होल्टी कॉलमध्ये हा पट्टा साधारण ७,००० हर्ट्झपर्यंत रुंदावला आणि फरक कानाला लगेच कळतो. आताच्या हँडसेटमध्ये वरच्या कडेलाही एक मायक्रोफोन असतो. तो रस्त्यावरचा गोंगाट ऐकतो आणि फोन तेवढा गोंगाट बोलणाऱ्याच्या आवाजातून वजा करतो. फोनला कव्हर घालताना ते बारीक भोक बुजले तर पलीकडून ‘आवाज नीट येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

कॉल वेटिंग, कॉल होल्ड, कॉन्फरन्स आणि कॉल फॉरवर्ड ही कामे हँडसेटवर दिसली तरी करते ती कंपनीची यंत्रणा. म्हणून फॉरवर्ड लावलेला फोन बंद असला तरी कॉल दुसऱ्या नंबरावर जातच राहतो. याचाच गैरफायदा घेऊन ठग लोकांकडून एखादा स्टार-हॅशचा कोड दाबून घेत आणि त्यांचे कॉल आपल्याकडे वळवत. त्यामुळे दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. कॉल चालू असताना दाबलेल्या प्रत्येक बटणाबरोबर दोन ठराविक सुरांची जोडी पलीकडे जाते. ‘मराठीसाठी अमुक दाबा’ म्हणणारे यंत्र त्या जोडीवरूनच आकडा ओळखते.

मिस्ड कॉल हे मात्र कोणत्याही अभियंत्याने न योजलेले आणि वापरणाऱ्यांनीच घडवलेले वैशिष्ट्य आहे. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. उचलला न जाणारा कॉल तर आधीपासूनच फुकट होता. मग एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’ असे संकेत घराघरांत ठरले. पुढे बँकांनी शिल्लक कळवण्यासाठी आणि पक्षांनी सदस्य नोंदवण्यासाठी मिस्ड कॉलचे नंबर काढले. गरजेतून एखादी सोय कशी जन्मते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दूरसंचाराच्या इतिहासात क्वचित सापडेल.

लिहिणे

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. एसएमएस बोलण्याच्या वाटेने जात नाही. टॉवर आणि फोन आपापसांत हाक-निरोपासाठी जी अरुंद वाट वापरतात, तिच्यात मोकळ्या राहिलेल्या जागेत तो बसवला जातो. म्हणून कॉल टिकत नाही इतक्या क्षीण रेंजमध्येही एखादा एसएमएस निघून जातो. संकटात हे आठवावे.

त्या अरुंद जागेत १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून इंग्रजीची १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मराठी संदेशाला जागा मिळते फक्त ७० चिन्हांची. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ हे तीन शब्द डोळ्यांना दहा अक्षरांचे दिसतात. फोनच्या हिशेबात ‘दि’ म्हणजे द आणि वेलांटी अशी दोन चिन्हे. ‘च्या’ म्हणजे च, हलन्त, य आणि काना अशी चार. मोकळ्या जागा धरून हे तीन शब्द २७ चिन्हे खातात. पुढे ‘आपणांस व आपल्या परिवारास’ जोडले की सत्तरीतले थोडेच उरते, आणि त्यानंतर संदेश दोन एसएमएसच्या दरात जातो. त्यात दिवाळी, नवे वर्ष अशा दिवशी सवलतीचे एसएमएस पॅक लागू नसत. मराठी माणसे वर्षानुवर्षे मराठी शुभेच्छा रोमन लिपीत पाठवत राहिली, त्यामागे भाषेविषयीची अनास्था शोधली जाते. पण निम्म्याहून कमी जागा आणि दुप्पट दर हे कारण तितकेच खरे होते.

बटणांच्या फोनवर एका बटणावर तीन-चार अक्षरे असत. इंग्रजी ‘एस’ हवा तर ७ चे बटण चारदा दाबायचे. ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो. बोट तिथे टेकले की बाकीची बटणे न पाहता सापडतात, आणि दृष्टिहीन माणसाला संपूर्ण कीपॅड त्या एका ठिपक्यावरून उलगडतो. टचस्क्रीनने हा ठिपका घालवला. त्याच्या जागी पडद्यावर बोट फिरेल तिथले शब्द वाचून दाखवणारी सोय आली, अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ती आधीपासूनच असते. घरातल्या दृष्टी अधू झालेल्या आजी-आजोबांना ती सुरू करून देणारे कोणी असले म्हणजे झाले.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे आणि सर्व २२ अनुसूचित भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. मराठी लिहिण्यासाठी सेटिंगमध्ये ‘हिंदी’ न निवडता ‘मराठी’ निवडावे, कारण लिपी एक असली तरी ‘दऱ्या’तला ऱ आणि ‘ॲप’मधला ॲ ही मराठीची स्वतःची गरज आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. चुकीचा र पडला की सह्याद्री पाण्यात जातो. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. मुंबई आयआयटीतील अभिकल्प केंद्रात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डने बाराखडीची सवयच हाताशी धरली: व्यंजनावर बोट ठेवले की भोवती काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचे चक्र उघडते आणि हवे तिकडे बोट सरकवायचे. लेखणीने बाराखडी गिरवलेल्या पिढीला यंत्राची रचना नव्याने पाठ करावी लागत नाही.

हँडसेटची स्वतःची कामे

घड्याळ, गजर, कॅल्क्युलेटर, टॉर्च, नोंदी, साठवलेली गाणी आणि फोटो यांना ना सिम लागते ना टॉवर. सिम काढलेला जुना फोनही ही कामे निमूट करतो.

या कामांचे मोल ओळखलेला फोन म्हणजे २००३ साली आलेला नोकिया ११००. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. कीपॅड रबराच्या एकसंध पत्र्याचा, म्हणजे फटींतून धूळ आत जात नसे. कडा खडबडीत, म्हणजे घामट हातातून निसटत नसे. आणि वरच्या टोकाला टॉर्च, ‘सी’चे बटण दाबून धरले की लागणारा. रात्री मोटार चालू करायला शेतावर जाणाऱ्याला तो टॉर्च कॉलइतकाच उपयोगी होता. जगभरात या फोनचे सुमारे २५ कोटी नग विकले गेले.

एफएम रेडिओचीही चिप पुष्कळ हँडसेटमध्ये असते. तिला अँटेना म्हणून इअरफोनची वायर लागते. इअरफोनचे भोक गेलेल्या फोनांतून रेडिओही गेला, ही साधी वाटणारी वजाबाकी आपत्तीच्या काळात भारी पडते, कारण टॉवर बंद असतानाही आकाशवाणी ऐकू येते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांना एफएमची सोय चालू ठेवण्याविषयी सूचना दिली, ती याच विचाराने.

बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ‘नवा फोन आधी आठ तास चार्ज करा’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’ हे सल्ले जुन्या निकेलच्या बॅटरीचे आहेत. लिथियमची बॅटरी उलट पूर्ण उतरणे आणि उष्णता या दोन गोष्टींनी झिजते. मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन, किंवा चार्जिंगला लावून उशीखाली ठेवलेला, हे तिचे खरे हाल. बॅटरी फुगली, मागचे झाकण उचलले गेले, तर ती दाबू नये, टोचू नये. वापर थांबवून बदलून घ्यावी.

टचस्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक वाहक थराची अदृश्य जाळी असते आणि तिच्यात विद्युतभार खेळता असतो. बोट टेकले की त्या जागचा थोडा भार बोटाकडे ओढला जातो आणि जाळी ती जागा ओळखते. पाणीही वीज वाहते. जुलैच्या पावसात मंडईत ओल्या बोटांनी पैसे पाठवू पाहणाऱ्याचा पडदा भलतीकडेच पळतो, कारण जाळीला प्रत्येक थेंब बोटासारखा वाटतो. बोट आणि काच दोन्ही कोरडे पुसणे हाच उपाय. नखाने किंवा रबरी हातमोज्याने पडदा ऐकत नाही, त्याचेही कारण तेच.

कॅमेरा असलेला फोन बाजारात गाजला तो नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये, शार्प कंपनीचा, जेमतेम १ लाख १० हजार ठिपक्यांचा. आज १२ मेगापिक्सेल, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, ही किरकोळ गोष्ट झाली. पण फोटोचा दर्जा आकड्यावर कमी आणि सेन्सरच्या आकारावर, त्याहून जास्त आतल्या गणितावर ठरतो. बटण एकदा दाबले तरी फोन झरझर अनेक चित्रे घेतो आणि एकाची सावली, दुसऱ्याचा उजेड जुळवून एक फोटो बनवतो. कंदिलाच्या प्रकाशातला चेहरा त्यामुळे उजळतो, आणि धावते मूल त्यामुळेच अस्पष्ट येते. फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ आणि सोय चालू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिले जातात. मूळ फाईल कोणाला पाठवताना याचे भान ठेवावे.

बाकीचे सेन्सर दिसत नाहीत. कानाला फोन लावताच पडदा विझवणारा, फोन आडवा करताच चित्र आडवे करणारा, उन्हात पडदा उजळवणारा, दिशा दाखवणारा. जागा सांगणारा जीपीएस हा त्यांतला सर्वांत गैरसमज झालेला. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत असतात. संकेत निघाला कधी आणि पोचला कधी यावरून फोन अंतर काढतो, आणि चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा पक्की होते. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली तरी जागा ३०० मीटरने चुकते. फोन इथे फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. म्हणून जीपीएसला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणायला. सह्याद्रीत जाण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही कड्यावरची नेमकी जागा दिसते. ती दुसऱ्याला कळवायला मात्र टॉवर हवाच.

इंटरनेट आणि पैसा

२००७ च्या जानेवारीत ॲपलचा आयफोन जाहीर झाला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि हँडसेट हा ॲप चढवण्याचा संगणक बनला. भारतात खरी उलथापालथ सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची फोरजी सेवा सुरू झाल्यावर झाली, कारण डेटा अचानक स्वस्त झाला. जिओच्या जाळ्यात टूजी-थ्रीजी नाहीच, बोलणेही डेटाच्या वाटेनेच जाते. म्हणून जुना टूजी फोन त्या सिमवर चालत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्हजी आले. त्याचे वरचे पट्टे पुष्कळ माहिती वाहतात, पण भिंतीत लवकर विरतात. गच्चीवर फाइव्हजी आणि स्वयंपाकघरात फोरजी दिसणे हा फोनचा बिघाड नव्हे. व्हॉट्सॲपचा कॉल आणि साधा कॉल कानाला सारखे वाटले, तरी पहिल्याला इंटरनेट लागते, दुसऱ्याला लागत नाही. आणि तातडीचा नंबर व्हॉट्सॲपवरून लागत नाही.

पैसे देणे हे आता फोनचे रोजचे काम झाले आहे. एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआयचे उद्घाटन केले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ती चालवते. भाजीवालीच्या गाड्यावरचा क्यूआर म्हणजे तिचा यूपीआयवरचा पत्ता, काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला; त्यात ना पैसे असतात ना पासवर्ड. फोनमध्येही पैसे नसतात. फोन बँकेला आदेश देतो आणि आदेश खऱ्या मालकाचा आहे हे दोन गोष्टींवरून ठरते: खात्याशी जोडलेले सिम याच हँडसेटमध्ये आहे आणि पिन बरोबर आहे. ॲप सुरुवातीला स्वतःहून एक एसएमएस पाठवते ते सिमची खातरी करण्यासाठी. पिन लागतो तो पैसे देताना. ‘पैसे मिळवायला पिन टाका’ असे कोणी सांगितले तर ती फसवणूकच. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरून *९९# दाबून, किंवा २०२२ पासून यूपीआय १२३पे या सेवेने हेच काम होते. बँकांनी आणि दुकानांनी ही वाट लोकांना जितकी सांगायला हवी होती तितकी सांगितलेली नाही.

अडीअडचण, चोरी आणि निरोप

तातडीचा नंबर ११२. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्ही त्यावर मिळतात. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर जवळ असला तरी हा कॉल त्यावरून जाऊ शकतो, आणि तो लावायला पडद्याचे कुलूप उघडावे लागत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी फोनला पॅनिक बटणही सक्तीचे केले: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा. काही स्मार्टफोनवर रीत थोडी वेगळी असते. ती सेटिंगमध्ये आधीच पाहून ठेवावी.

२०२३ मध्ये महाराष्ट्रातले फोन अचानक कर्कश वाजले आणि पडद्यावर आपत्तीच्या सूचनेची चाचणी झळकली. ती एसएमएस नव्हती. सेल ब्रॉडकास्ट या पद्धतीत टॉवर एकच संदेश आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनांना एकदम ऐकवतो. त्याला कोणाचा नंबर लागत नाही आणि गर्दीत तो तुंबतही नाही. पुराच्या नदीकाठी आणि वादळाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी या सूचना फोनच्या सेटिंगमध्ये बंद करू नयेत.

फोन चोरीला गेल्यास लिहून ठेवलेला आयएमईआय कामी येतो. आधी कंपनीकडे सिम बंद करायचे आणि बँकेला कळवायचे, मग पोलिसांत तक्रार, त्याच नंबराचे नवे सिम आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआयसह अर्ज. त्यानंतर तो हँडसेट देशातल्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर सिम बदलूनही चालत नाही. या यंत्रणेची पहिली सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली. फोन परत मिळाला की तिथेच बंदी उठवता येते.

जुना फोन विकताना किंवा घरातल्या मुलाला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढावे, ई-सिम असल्यास ते पुसावे, गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडावे, यूपीआयची ॲप काढून टाकावीत आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करावे. संपर्क, फोटो आणि संदेश त्याने जातात. आयएमईआय मात्र हँडसेटबरोबरच जातो, आणि जुन्या मालकाच्या बिलावर तोच छापलेला असतो. म्हणून विकल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही असलेला कागद जवळ ठेवावा.